दोन किलोमीटरनंतर छाती सुटते

भाऊ, आधी भांडून घेते. रडायचं तेवढं चाळीस दिवसांत रडून झालं, आणि रडणारी माणसं तुम्हाला तशीही आवडत नव्हती. पायाला फोड आले म्हणून कोणी डोळे पुसायला लागलं की तुम्ही म्हणायचात, "रडू नंतर, आधी पाय उचल." म्हणून पाय उचलून लिहायला बसले आहे.

भांडण जुनंच. तुम्ही खात होता जास्त आणि मी कमी. पळणाऱ्याला सगळं पचतं, हा तुमचा हेका. पळणाऱ्याचं पोट रिकामंच बरं, हा माझा. एकमेकांची चूक आपल्याला लख्ख दिसायची आणि स्वतःची कधी दिसली नाही. त्यावरून आपण धानोऱ्याच्या बसस्टँडपासून गडचिरोली रस्त्याच्या कितव्या दगडापर्यंत भांडत गेलो असू, ते रस्त्यालाच माहीत.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती वनरक्षकाच्या भरतीसाठी. तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवराची पोर, पायात बापाच्या जुन्या चपला. तुम्ही आश्रमशाळेत खेळ शिकवायचात आणि पहाटे भरतीच्या पोरापोरींना फुकट पळवायचात. पहिल्याच दिवशी किलोमीटरभरात माझा श्वास कोंडला. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तुम्ही मागून आलात आणि थांबलासुद्धा नाहीत. जाता जाता म्हणालात, "पहिले दोन किलोमीटर छाती धरतेच. थांबायचं नाई. पुलिया ओलांडली की सुटते."

खरंच सुटली. दोन किलोमीटरवरचा तो छोटा पूल ओलांडला आणि कोणीतरी छातीवरचं ओझं उचलल्यासारखं झालं. त्या एका वाक्यावर मी नोकरीला लागले. पुढे बेचाळीस किलोमीटर पळायला लागले तेही त्याच वाक्यावर. लेकाच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही मी "पुलिया आली की सुटते" असं पुटपुटत होते, आणि नर्सला वाटलं पोरीला वात झाला. तुमच्याकडून मला मिळालं ते फार मोठं आहे, भाऊ. हे तोंडावर कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, मग उद्या दोन किलोमीटर जास्त.

आता तुमचं खाणं. वीस किलोमीटर पळून आलं की तुम्ही टपरीच्या बाकड्यावर बसायचात ते आधी भज्यांची प्लेट, मग कोथिंबिरीची सांबारवडी, मग अर्धा कप साखरेचा चहा. घरी वाळलेल्या मासोळीचं खारट कालवण, वर कच्चं मीठ. मी म्हणायची, भाऊ, पंचावन्नाचे झालात, तेल कमी करा. तुम्ही बनियन वर करून सपाट पोट दाखवायचात. "ढेरी कुठी आहे, दाखव. दिल का दौरा ढेरीवाल्याले येते." आणि वरून, "खर्रा सोडला ना मी? दहा वर्षं झाली. आता अजून काय काय सोडू, बायको?" टपरीवाला हसायचा, मीसुद्धा हसायची. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणं आपल्या भागात लहान गोष्ट नाही, हे मान्य. पण तो सोडल्याचं बक्षीस तुम्ही रोज तळून खात होता.

आणि माझं खाणं म्हणजे न खाणंच. पहाटे उपाशी निघायचं, पळून आल्यावर सगळ्यांचे डबे करायचे, जंगलात बीटवर जायचं, दुपारी दोनला भात. घरी रात्री सासरे, नवरा, लेक जेवले की मग उरलेलं माझं. सोमवार, चतुर्थी, नवरात्र, सगळे उपवास. मला त्याचा अभिमान होता. वजन उतरलं की वेळ सुधारायची आणि मला वाटायचं, गणित बरोबर आहे. तुम्ही एकदा सगळ्यांसमोर म्हणालात, "घरात शेवटी जेवणारी बाई रस्त्यावर पहिली येईल कशी?" मला राग आला. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या पुढे पळून दाखवलं.

मग नडगीचं हाड दुखायला लागलं. गडचिरोलीला फोटो काढला तर बारीक तडा. घरी बसले. त्याच आठवड्यात सुमनबाई, तुमच्या मंडळी, लाखोळीच्या डाळीचा डबा घेऊन आल्या आणि दार लोटून सरळ विचारलं, "रंजे, महिन्याची येते का नाई?" मी म्हटलं, सात महिने झाले, नाही आली, बरं झालं कटकट गेली. बाईंनी कपाळावर हात मारला. मला तेव्हाच कळलं की प्रश्न बाईंचा नव्हता, तुमचा होता. तुम्ही पुरुष माणूस, विचारता येईना, म्हणून बाईंना पाठवलंत. बाईंनीच मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, एवढं पळायचं आणि एवढंसं खायचं म्हटल्यावर शरीर एकेक दिवा विझवत जातं. पाळी आधी जाते, मग हाडं, आणि पाळी बंद राहिली की रक्ताच्या नळ्यांनाही ते सोसत नाही. बारीक आहात म्हणजे हृदय चांगलं आहे असं समजू नका.

हाड भरून पुन्हा पळायला आले आणि हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही जिंकल्यासारखे हसलात. मग मीही डाव टाकला. म्हटलं, ठीक, बारीक असलं म्हणजे हृदय चांगलं असं नसतं ना? मग तुमचं सपाट पोट कशाला दाखवता? आणि ती छाती रोज पहिल्या किलोमीटरला का धरते तुमची? आमची सहा महिन्यांत धरायची बंद झाली. तुम्ही तीस वर्षं पळताय, तुमची आता काऊन धरायला लागली?

त्या एका दिवशी तुम्ही भजी मागवली नाहीत. चहा संपल्यावर म्हणालात, "सौदा करू. तू महिनाभर रोज, एक दिवस न चुकता, पळून आल्यावर माझ्यासमोर दोन अंडी आणि भिजवलेले चणे खा. महिना पुरा झाला की मी चंद्रपूरले जाऊन छाती तपासतो. ते पट्ट्यावर पळवतात, तेही करतो. चुकली, की पुन्हा पहिल्यापासून."

आपण हात मिळवला. शकूरभाई साक्षीला होते. भरतीच्या पोरांच्या चड्ड्या शिवणारे आणि त्यांच्यासोबत पन्नाशीत पळणारे शकूरभाई. ते म्हणाले, "दोघंही हारनार."

पहिला महिना मी पहिल्याच दिवशी मोडला, तोही चोरून. रोज बाईंनी उकडून दिलेली अंडी तुम्ही टपरीवर डबा उघडून माझ्या हातात ठेवायचात. रस्त्यावर चारचौघांत तोंड हलवायची मला लाज, वर पोट जड होईल ही भीती. तुम्ही चपलेला लागलेला चिखल झटकायला वळलात की एक अंडं बाकड्याखाली लालीला. लाली म्हणजे टपरीची कुत्री. तुम्हाला बारा दिवस कळलं नाही. तेराव्या दिवशी म्हणालात, "रंजे, तुझ्यात काही फरक दिसून नाई राह्यला, पण लालीच्या अंगावर बाकी चमक आली." झालं. महिना पहिल्यापासून.

दुसऱ्या वेळी बावीस दिवस नीट झाले आणि नवरात्र बसलं. सासूबाईंपासून चालत आलेले नऊ दिवसांचे उपवास, एकवेळ फळं, मोडायची माझी छाती झाली नाही. वरून रोज पळले. तुम्ही समजावलंत, बाईंनी समजावलं, की देवी काही म्हणणार नाही. मी ऐकलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा मला वाटलं, आणि मी ते शकूरभाईंना बोलूनही दाखवलं, की भाऊंना हेच पाहिजे. मी चुकत राहीन आणि त्यांचं चंद्रपूर टळत राहील. सौदा म्हणजे त्यांची पळवाट आहे.

तिसऱ्या वेळी मी दात-ओठ खाऊन सुरुवात केली. तुमची पळवाट बंद करायची म्हणून खाल्लं. अठरा दिवस अंडी, चणे, निघायच्या आधी केळ. रात्री घरात सगळ्यांसोबत ताट वाढून घेतलं, सासरे दोन दिवस इकडेतिकडे पाहत राहिले, तिसऱ्या दिवशी त्यांनीच भाजी सरकवली.

एकोणिसाव्या दिवशी रविवार होता. थंडी पडली होती. किलोमीटरभर गेलो असू, तुम्ही पाय कमी केलात. मूठ छातीवर घासलीत, रोज घासायचात तशीच. म्हणालात, "तू हो समोर. पुलिया आली की येतोच." मी वळून पाहिलं नाही. रोजचंच होतं ते. आणि खरं सांगू? त्या दिवशी माझे पाय फार सुंदर चालले होते. किती तरी महिन्यांनी अंगात ताकद होती. मी पाचव्या दगडापर्यंत गेले आणि मनात म्हणत होते, हे भाऊंना सांगायचं नाही, डोक्यावर बसतील.

परत फिरले तेव्हा पुलियाच्या गावाकडच्या बाजूला धानाचा ट्रॅक्टर उभा होता आणि दोन माणसं खाली वाकली होती. तुमचा एक बूट दिसला. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डबा टपरीवर तसाच होता. त्या दिवशीची अंडी कोणी खाल्ली, मला माहीत नाही.

त्यानंतर मी पळले नाही आणि धड जेवलेही नाही. हिशोब सारखा डोक्यात फिरायचा. ते अंडं लालीला दिलं नसतं, तर तुम्ही पावसाळ्यातच चंद्रपूरला गेला असता. नवरात्रात हट्ट केला नसता, तर गेला असता. कोणाला सांगणार? लोक म्हणत होते, पळता पळता गेला, खेळाडूचं मरण आलं, भाग्यवान. मला त्यांच्या तोंडावर माती फेकावीशी वाटायची. तुमचं आयुष्य अजून वीस वर्षांचं होतं आणि ते एका कुत्रीच्या पोटात गेलं, हे मला एकटीला माहीत होतं.

दहाव्याला नदीवर गेलो. विधी आटोपून सगळे परतत असताना बाईंनी मला बाजूला घेतलं आणि पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. चंद्रपूरच्या एका हृदयाच्या दवाखान्यातली, तुमच्या नावाचा नंबर लावलेली. तारीख तीन दिवसांनंतरची. मी बोटांवर मोजलं. माझा महिना पुरा झाला असता त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"मले म्हणे, रंजीले सांगू नको," बाई म्हणाल्या. "म्हणे, सांगितलं तर ती म्हणन, भाऊ तर तसेही जाऊन राह्यले, मंग मी काऊन खाऊ? आधी तिचा महिना होऊ दे. या वेळेस पक्की करते ती."

भाऊ, तुम्हाला पळवाट काढणारा ठरवायची सोयसुद्धा तुम्ही मला ठेवली नाही. मला खाऊ घालायचं म्हणून तुम्ही स्वतःच्या छातीची तपासणी महिनाभर लांबवलीत. मी घाटावर उभी राहून तुम्हाला मोठ्यानं शिव्या दिल्या. मूर्ख म्हटलं, अजून काय काय म्हटलं. बाईंनी अडवलं नाही. दोन अंड्यांवर जीव टांगून ठेवायचा असतो का कोणी? मला सोबत ओढत नेलं असतं तरी चाललं असतं, तुम्ही नुसतं जायचं होतं.

शकूरभाई थोडे लांब, झाडाखाली थांबले होते. माझा आवाज ऐकून आले. चिठ्ठी वाचली, घडी घातली, परत दिली आणि खाली बसले. मग हळूच म्हणाले, "रंजनाबाई, मलेही धरते. दोन महिने झाले. मी भाऊले विचारलं होतं. भाऊ म्हणे, पुलिया ओलांडली की सुटते. आणि सुटतेच ना, झूठ नाई बोलून राह्यलो."

पोरांसाठी तुम्ही सांगितलेलं वाक्य. श्वास कोंडलेल्या वीस वर्षांच्या पोरीसाठी ते सोन्यासारखं होतं. तेच तुम्ही स्वतःला सांगत होता आणि तेच पन्नाशीच्या शिंप्याला सांगितलंत. दिवसभर मशीनवर बसणारा, मटण आणि खर्रा दोन्ही प्रेमानं खाणारा माणूस, तुमच्या शब्दावर रोज छाती दाबून पुलिया ओलांडत होता.

चिठ्ठीवरची तारीख म्हणजे तुमची तेरवी. बाईंना विचारलं, काय करू? बाई म्हणाल्या, "जा. जेवायले मानसं कमी नाई पडत." गावानं नावं ठेवली, भाऊंच्या तेरवीला रंजी नाही. ठेवू दे. मी शकूरभाईंना घेऊन पहाटेच्या गाडीनं निघाले. ते वाटेत तीनदा म्हणाले की आता अजिबात दुखत नाही, मूल स्टँडला उतरून परत जाऊ.

खिडकीवरच्या मुलीनं तुमचं नाव पुकारलं. मी उठले आणि सांगितलं, ते नाही आले, त्यांच्या जागी हे आहेत. तिनं नाव खोडून दुसरं लिहिलं.

पट्ट्यावर शकूरभाई चार मिनिटंही पळले नाहीत, डॉक्टरांनीच थांबवलं. एक नस जवळजवळ बंद होती. दुसऱ्या दिवशी जाळी बसवली. मी डॉक्टरांना विचारलं, पण दोन किलोमीटरनंतर सुटते कशी? ते म्हणाले, शरीर तापलं की नसा जरा सैल पडतात, हृदयही थोडं जुळवून घेतं, म्हणून त्रास कमी वाटतो. आजार तिथेच असतो. पळणारी माणसं याच्यातच फसतात, कारण त्यांना दुखणं मागे टाकायची सवय असते. मला तुमचा चेहरा आठवला. तुम्ही वाद घातला असता त्यांच्याशी, मला खात्री आहे, आणि शेवटी ऐकलं असतं.

शकूरभाई आत होते तेव्हा मी बाहेरच्या गाडीवर जाऊन दोन उकडलेली अंडी घेतली. फुटपाथवर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर खाल्ली. लाज वाटली नाही. तो पहिला दिवस धरला.

आता शकूरभाई पुलियापर्यंत चालत येतात आणि तिथून ओरडून सगळ्यांचे पाय सुधारतात. पळायची परवानगी हळूहळू मिळेल. खर्रा सुटला आहे, निदान माझ्यासमोर तरी. पोरं पुन्हा जमतात, त्यांना आता मी पळवते. आणि पहिल्याच सकाळी मी बसस्टँडसमोर उभी राहून तुमची शिकवण मोडली. म्हटलं, श्वास कोंडला तर पळा. पण छातीवर दाब आला, हात, जबडा, पाठ दुखायला लागली, उगाच घाम सुटला, तर थांबायचं. पुलिया बिलिया काही नाही. जागच्या जागी थांबायचं आणि मला हाक मारायची. आणि चाळिशीच्या पुढचा कोणीही तपासल्याशिवाय माझ्यासोबत पळणार नाही, आणि उपाशी पोरगी तर अजिबातच नाही. एक जण म्हणाला, भाऊ तर असं नव्हते सांगत. मी म्हटलं, भाऊ आज असते तर हेच सांगितलं असतं, आणि तुझ्यापेक्षा जोरात मलाच रागावले असते की हे आधी काऊन नाही सांगितलं.

बरोबर बोलले ना? तुमच्या नावावर खपवलं, पण खोटं खपवलं नाही.

अजून एक. हे तुम्ही समोर असता तर सांगितलं नसतं, तुम्ही कानावर हात ठेवून पळाला असता. मागच्या आठवड्यात माझी पाळी आली, भाऊ. वर्षभरानं. मी धावत बाईंकडे गेले. बाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तुमच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "ऐकलं का?" त्या पुन्हा अंडी उकडतात माझ्यासाठी. तुमचा तोच डबा, झाकण बसत नाही म्हणून रबर लावलेला.

दोष कोणाचा, हे भांडण काही मिटलेलं नाही. लालीला अंडं देणारी मी की महिनाभर थांबणारे तुम्ही, यावर मी अजून रोज तुमच्याशी पाचव्या दगडापर्यंत वाद घालते. एखाद्या दिवशी मी हरते, एखाद्या दिवशी तुम्ही.

आज तिसावा दिवस होता. पळून आले, बाकड्यावर बसले, डबा उघडला. लाली बाकड्याखालून बाहेर आली आणि माझ्या गुडघ्यावर तोंड ठेवून बघत राहिली. दोन्ही अंडी मी खाल्ली, भाऊ. तिला काही दिलं नाही.